थिआकची पट्टी

"ती खोटं बोलली की नाही, एवढंच सांगा, बाई."

मार्थाबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी काच उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पदराने पुसली.

"बोलली," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर. दहाला मुख्य कार्यालयाचा फोन येईल. थिआकची पट्टी पावसाळा संपेपर्यंत बंद करा, असं मी सांगणार आहे."

"सांग ना."

"तुमची हरकत नाही?"

"हरकत कसली? परवा डिस्पॅचर तू होतास. मी नव्हते. मला आपलं आधी काय झालं ते नीट कळू दे."

अनिमिष टिपणीस खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. बाजू आपलीच खरी आहे, अशी खात्री असलेल्या माणसासारखा.

आमचा तळ पूर्व आफ्रिकेतल्या एका दलदलीच्या मुलखाच्या कडेला होता. दोन लहान विमानं, एक पत्र्याची खोली, एक रेडिओ. पावसाळ्यात रस्ते बुडतात, मग आतल्या गावांना धान्य, औषधं, सलाईन हे सगळं विमानानेच जातं. गावाबाहेर मातीची एक लांब पट्टी साफ करून ठेवलेली असते. विमान तिथे उतरतं.

डिस्पॅचर म्हणजे विमान सोडणारा. उडवतो वैमानिक. पण आज जायचं की नाही, कुठे जायचं, तेल किती, वजन किती, हे डिस्पॅचर जमिनीवर बसून ठरवतो. त्याने हो म्हटल्याशिवाय पंखा फिरत नाही.

मार्थाबाई साळवे हे काम शिकवत. मूळच्या जालन्याच्या. सुती साडी, वर स्वेटर आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा त्यांचा वेश. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं भूकंपाच्या, पुराच्या, लढाईच्या जागी कुठे कुठे बसून विमानं सोडतात.

अनिमिष मुंबईहून आला होता, एका मोठ्या विमान कंपनीतून. हुशार. आकडेमोड तोंडी करायचा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "तिथे मी एका पाळीत चाळीस-चाळीस विमानं सोडत होतो, बाई. इथे दोन आहेत."

बाई म्हणाल्या होत्या, "मग वीसपट वेळ आहे तुझ्याकडे. बस."

मी मालाचं वजन पाहत असे. माझं टेबल त्याच खोलीत होतं, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. रेडिओवरचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत चालायचं. इथे त्याचा अर्थ लिहिला आहे.

परवा बाई परवान्यांच्या कामाला राजधानीत गेल्या होत्या. अनिमिष पहिल्यांदाच एकटा बसला होता. सकाळी त्याने थिआकला विमान पाठवलं. ते उतरलं, थोडं धावलं आणि पुढचं चाक काळ्या मातीत रुतलं. पंख्याची पाती वाकली. कॅप्टन मुतुआंचं कपाळ फुटलं. विमान अजून तिथेच होतं, कॅप्टनही तिथेच.

थिआकला रेडिओवर बोलते ती आचोल. तिथल्या दवाखान्याची नर्स. पट्टी कशी आहे, हे सकाळी तीच सांगते.

"हं," बाई म्हणाल्या. "काय म्हणाली आचोल?"

"'कोरडी.' स्वच्छ. पट्टी कोरडी आहे म्हणाली."

"त्याआधी?"

"त्याआधी म्हणजे?"

"कोरडी म्हणण्याआधी तू काहीतरी विचारलं असशील."

"विचारलं की. पट्टी कोरडी आहे की ओली, एका शब्दात सांगा."

"एका शब्दात का?"

"कारण ती लांबण लावत होती, बाई. तुम्हाला माहितीये त्यांचं बोलणं. अमक्या बाजूला असं आहे, तमक्या बाजूला तसं आहे, माझा भाऊ पट्टीवरून चालत आला... मला निर्णय घ्यायचा असतो. निर्णयाला एक शब्द पुरतो."

"भाऊ चालत आला, मग?"

"...काय?"

"भावाचं पुढे काय झालं? पट्टीवरून चालत आला, आणि?"

अनिमिषने माझ्याकडे पाहिलं. मी पावत्या खालीवर केल्या.

"त्याच्या पायाला माती लागली होती म्हणे."

"किती?"

"मी विचारलं नाही."

"तिने सांगितलं?"

"...घोट्यापर्यंत."

बाईंनी चष्मा घातला. पत्र्यावर पाऊस पडत होता. पहाटेपासून पडत होता. मोठा नाही, पण न थांबणारा.

"आणि त्याच्याही आधी?" बाईंनी विचारलं.

"बाई, ही उलटतपासणी आहे का?"

"नाही रे. मला सुरुवात सापडत नाहीये."

टेबलावर पेन्सिल होती, ती अनिमिषने सरळ केली.

"त्याच्या आधी काय म्हणाली?"

"म्हणाली..." तो थांबला. "म्हणाली, ओली आहे."

"हं."

"पण ते मोघम होतं! ओली म्हणजे किती ओली? दव पडलं तरी हे लोक ओली म्हणतात. म्हणून मी पुन्हा विचारलं. तुम्हीच शिकवलंय ना, खात्री करून घ्या?"

"शिकवलंय. मग दुसऱ्यांदा तिने भावाचं सांगितलं."

"हो."

"म्हणजे दुसऱ्यांदाही ओली."

"...हो."

"आणि मग तू तिसऱ्यांदा विचारलंस."

"हो."

"तिसऱ्यांदा विचारताना नुसतं एवढंच म्हणालास? एका शब्दात सांगा?"

अनिमिषच्या मानेवर लाली चढली होती. ती कानांपर्यंत गेली.

"मी परिस्थिती समजावून सांगितली."

"कोणती?"

"नियम आहे तोच. पट्टी ओली असेल तर विमान दुसरीकडे जातं आणि त्या गावाची पाळी पुढच्या आठवड्यात. मी काही मनाचं सांगितलं नाही. मी म्हटलं, थिआक, ओली असेल तर हे सलाईन आत्ता पाकोरला जाईल. तुमचं पुढच्या आठवड्यात बघू. आता एका शब्दात सांगा."

"आणि ती कोरडी म्हणाली."

"हो."

"लगेच?"

अनिमिषने रेडिओकडे पाहिलं.

"नाही. ... मला वाटलं रेडिओ गेला."

थिआकला कॉलऱ्याची साथ होती. हे खोलीतल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं. विमानात जे सलाईन होतं ते मीच वजन करून चढवलं होतं.

"तिच्याकडे खाटा किती रिकाम्या होत्या त्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"सलाईनच्या बाटल्या?"

"संपल्या होत्या. आदल्या संध्याकाळीच."

"आणि तरी आधी दोनदा ओली म्हणाली."

अनिमिषने वर पाहिलं. मला वाटतं, परवापासून ही गोष्ट त्याच्यासमोर होती, पण त्याने ती या बाजूने पाहिली नव्हती.

मग तो एकदम म्हणाला, "पण शेवटी खोटं तीच बोलली ना? मी नाही. गरजवंताला अक्कल नसते, बाई, हे आपल्याकडेच म्हणतात."

"म्हणतात. म्हणून तर त्या दिवसापुरती अक्कल तुझ्याकडे ठेवली होती."

उठून त्यांनी स्टोव्हवरचं आधण पाहिलं, पत्ती टाकली.

"तुला ते विमान जायला का हवं होतं?" पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं.

"सलाईनसाठी! दुसरं कशासाठी?"

बाई चहा वर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"...सलाईन तर पाकोरलाही लागतंच होतं," शेवटी अनिमिषच म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "माल परत उतरवून पाकोरसाठी लावायला वेळ गेला असता. दुपारची फेरी चुकली असती. तुम्ही संध्याकाळी परत येणार होतात. मला वाटत होतं, तुम्ही आल्यावर फळा पाहाल. फळ्यावर 'रद्द' असं कुठे नको होतं मला."

फळा भिंतीवर होता. गावांची नावं खडूने लिहिलेली. थिआकसमोर अजून त्याच्याच वळणदार अक्षरात 'रवाना' लिहिलेलं होतं. कुणी पुसलं नव्हतं.

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"पी. आणि सकाळचा कॉल घे. वेळ झाली."

"मी?"

"मग कोण? मी शिकवायला आहे. बसणारा तू."

सकाळचा कॉल म्हणजे रोजचं काम. सगळ्या गावांची रेडिओची लहर एकच. एक गाव बोलतं ते बाकीची सगळी गावं ऐकतात. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची गाय व्याली, तेही त्यातच. बाई त्याला चावडी म्हणत. अनिमिषला त्याचा राग यायचा. तो म्हणायचा, वेळ फुकट जातो.

बाईंनी एक वेगळी गोष्ट केली. हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि भिंतीवरचा भोंगा लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

अनिमिषने बटण दाबलं. "सर्व स्थानकं, सर्व स्थानकं. पट्टीची स्थिती कळवा. पाकोर?"

"पाकोर. कोरडी."

पाकोरला बोलतात ते देंग मास्तर. तिथल्या शाळेचे हेडमास्तर. एरवी एका वाक्याला चार वाक्यं लावणारे. आज एका शब्दात थांबले.

"वुनरीत?"

"कोरडी."

"लुएल?"

"कोरडी. एकदम कोरडी."

"मायेन?"

मायेनने नाव पुरतं होऊही दिलं नाही. "कोरडी, कोरडी. कधी येताय?"

अनिमिषने बटण सोडलं. समोरच्या पडद्यावर ढगांचं चित्र होतं. आमच्या डोक्यावर होता तोच ढग पाकोर, वुनरीत, लुएल, मायेन, सगळ्यांवर पसरलेला होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

तो हसला. "बाई, हे काय! सगळीकडे पाऊस आहे आणि सगळे कोरडी म्हणतायत."

बाई हसल्या नाहीत.

त्याचं हसू हळूहळू मावळलं.

बाईंची एक शिकवण होती. पट्टी कशी आहे असं विचारू नका. ज्याला विमान हवंय तो बरी आहे म्हणूनच सांगणार. शेळ्या कुठे बसल्यात ते विचारा. शेळी ओल्यात बसत नाही. अनिमिषने वर्गात यावर विनोद केला होता, "म्हणजे आता शेळ्यांच्या सहीने विमान सोडायचं." आता त्याला ती शिकवण आठवली असावी. त्याने घाईने बटण दाबलं.

"पाकोर, पाकोर. मास्तर, शेळ्या कुठे आहेत आज?"

भोंग्यातून आधी नुसती खरखर आली. मग मास्तरांचा आवाज, अगदी गोड.

"शेळ्या पट्टीवर आहेत, साहेब. पोरं पट्टीवर आहेत. मी स्वतः पट्टीवर खुर्ची टाकून बसलोय. आम्ही सगळे कोरडे आहोत."

कुठल्यातरी गावात कुणीतरी हसलं. ते हसणं साऱ्या मुलखाने ऐकलं.

अनिमिषने माइक टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला.

"परवा यांनी ऐकलं," तो म्हणाला.

"कॉल सगळेच ऐकतात," बाई म्हणाल्या.

"ओली म्हटलं की पाळी जाते... हे यांना माझ्यामुळे कळलं."

"नियम आधीपासून होता. पण आजवर आपण तो कुणाला दाखवून काही विचारलं नव्हतं."

"मग आज मी विमान कुठे सोडू? मला एकाही पट्टीचं काही माहीत नाही."

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"बाई, तुम्ही बोला ना यांच्याशी. तुमचं ऐकतील. तुम्हाला इतकी वर्षं ओळखतात. तुम्ही विचारलंत तर खरं सांगतील."

त्याने माइक त्यांच्यापुढे केला. बाईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

"परवा आवाज कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

तो माइक धरून तसाच उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहायला नको वाटलं. त्या सकाळी त्या खोलीत मलाही माझे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. परवा मीही इथेच बसलो होतो. अनिमिषने आचोलला पाळीचं सांगितलेलं मीही ऐकलं होतं आणि पुढची पेटी काट्यावर ठेवली होती.

मग अनिमिष बसला. त्याने बटण दाबलं.

"सर्व स्थानकं. परवाच्या थिआकच्या उड्डाणाबाबत... काही गैरसमज झाला असल्यास..."

बाईंचा हात खिशातून बाहेर आला आणि त्याच्या अंगठ्यावर पडला. बटण सुटलं.

"गैरसमज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

तो घाम पुसून पुन्हा बोलायला लागला. "सर्व स्थानकं. परवा थिआकला पट्टीची स्थिती एकाहून अधिक वेळा विचारण्यात आली..."

पुन्हा हात. पुन्हा बटण सुटलं.

"कुणी विचारली?"

"बाई, सगळे ऐकतायत!" तो जवळजवळ ओरडला. "कॅप्टन ऐकतायत. दुसऱ्या संस्थांचे लोक याच लहरीवर असतात. मी इथे सहा आठवडे बसलोय, उद्या दुसरीकडे बसायचंय मला. हे सगळं त्यांच्यासमोर..."

"हो," बाई म्हणाल्या. "परवाही ऐकत होते."

भोंगा खरखरत होता. गावं थांबली होती. चावडीवर माणसं थांबतात तशी, जायची घाई नसलेली.

बाईंनी या वेळी हात मागे घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

अनिमिषने बटण दाबलं. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, एरवी झरझर बोलायचा. आता एक एक शब्द दगड उचलून ठेवावा तसा येत होता.

"मी अनिमिष. तळावरून. ... परवा आचोलने मला पट्टी ओली आहे असं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा ओली सांगितलं. भावाच्या पायाचंही सांगितलं. मग मी तिला पाळी जाईल म्हणून भीती घातली. तिच्याकडे सलाईन नव्हतं, हे मला माहीत होतं. ... तेव्हा ती कोरडी म्हणाली. विमान तिने नाही रुतवलं. मी रुतवलं. कॅप्टन मुतुआंना लागलं तेही माझ्यामुळे. आचोल खोटं बोलली असं मी काल सगळ्यांना सांगत होतो. तसं नाही. ... एवढंच. ओव्हर."

त्याने बटण सोडलं.

खरखर.

मला वाटलं, आता लहरीवर कुणी नाहीच.

मग एक जाड, सर्दी झाल्यासारखा आवाज आला. "मी ऐकलं, अनिमिष."

कॅप्टन मुतुआ. एवढंच म्हणाले.

अनिमिषने डोळे मिटून घेतले.

पुन्हा खरखर. मग एका स्त्रीचा आवाज, थकलेला, घसा बसलेला.

"थिआक. आचोल बोलतेय."

अनिमिष ताठ झाला. "बोला, थिआक."

"तुमचा कॅप्टन खूप खातो. आणि घोरतो."

"...हो. ऐकलंय मी त्यांच्याबद्दल."

"त्याची जखम ठीक आहे. सलाईन चालू आहे. बारा जण उठून बसलेत. दोन पोरं गेली. ती तुमचं विमान येण्याआधीच गेली, म्हणून ते तुमच्यावर नाही." ती थांबली. मागे कोंबडा आरवला. "पट्टी ओली आहे. फार ओली. विमानाला सगळं गाव दोर लावून ओढतंय, तरी हलत नाही. माझ्या भावाच्या पायाला आता गुडघ्यापर्यंत माती लागली."

"धन्यवाद, थिआक."

"थांबा. माझं एक विचारायचं आहे."

"विचारा."

"आता मी ओली म्हटलं. माझी पाळी गेली का?"

अनिमिषने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पाऊस होता.

पाळीचा नियम मुख्य कार्यालयाचा. तो बदलायचा अधिकार त्याला नव्हता. मला वाटतं, बाईंनाही नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तुमची पाळी तुमचीच. ज्या दिवशी वाळेल त्या दिवशी पहिलं विमान थिआकला."

"हे कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय."

"तुम्ही," आचोल म्हणाली. ती विचारत होती की नुसती म्हणत होती, कळलं नाही. "बरं. थिआक, ओली. ओव्हर."

अनिमिषने कपाळ पुसलं. मग त्याला थोडा हुरूप आला असावा. तो पुढे झुकला.

"सर्व स्थानकं, ऐकलंत तुम्ही. ओली म्हटल्याने कुणाची पाळी जाणार नाही. आता पुन्हा विचारतो. पाकोर? मास्तर, पट्टी कशी आहे?"

देंग मास्तरांनी घसा साफ केला. शाळेत प्रार्थनेनंतर करतात तसा.

"साहेब, तुम्ही चांगलं बोललात. माझ्या बायकोनेही ऐकलं. ती म्हणते, पोरगा आईने वाढवलेला दिसतो."

"धन्यवाद, मास्तर. पट्टी?"

"आधी आचोलचं विमान येऊ दे. ते आम्ही आकाशात बघू. मग शेळ्या कुठे आहेत ते सांगू. तोवर, पाकोर, कोरडी."

"वुनरीत?"

"कोरडी."

"लुएल?"

"कोरडी."

मायेन या वेळी जरा घुटमळला. अनिमिष वाट पाहत राहिला. घाई केली नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"...कोरडी," मायेन म्हणाला.

अनिमिषने माइक ठेवला. खडू घेतला, फळ्यापाशी गेला आणि नुसता उभा राहिला. काय लिहावं ते सुचेना. चहावर साय धरली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

त्याने उचलला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. कार्यालयातली माणसं मोठ्याने बोलतात. आज एका शब्दात हवं होतं त्यांना. थिआकने खोटी माहिती दिली, विमान गेलं, ती पट्टी बंद करायचं पत्र तयार आहे, फक्त तळाचं हो हवं आहे. आणि बाकी सगळ्या पट्ट्या कोरड्या आहेत असं ऐकलंय, तर दुसरं विमान अजून सुटलं कसं नाही?

अनिमिषने फोनवर हात ठेवला. सकाळी सांगायचं ठरवलेलं त्याच्या तोंडात काही राहिलं नव्हतं.

"बाई... थिआक बंद करायची का, विचारतायत. काय सांगू?"

बाईंनी त्याचा गार झालेला चहा उचलला आणि स्टोव्हकडे वळल्या.

"सांग, थिआक तेवढी चालू ठेवा. बाकीच्या बंद करा."